रामशेजवर बाबांना घेऊन गेलो आणि त्यांनी वरून लाकडाचा हिशोब मांडला

गोदाकाठची | रविवार, रात्री ९:१०

आज सकाळी रामशेजला जाऊन आलो, मी, बाबा (वय ७१) आणि लेक (चौथीत). लिहायचं ठरवलं नव्हतं पण घरी आल्यापासून बाबा एकच विषय घेऊन बसलेत आणि माझ्याकडे त्याची उत्तरं नाहीत, म्हणून इथे टाकतेय.

आधी जाण्याचं सांगते. पंचवटीतून पावणेसहाला निघालो, पेठ रोडने साधारण १४-१५ किमी, मग उजवीकडे आशेवाडी. गाडी गावात लावली. पायथ्यापासून पायऱ्या आहेत, मध्ये गुहेत राममंदिर, शेजारी पाण्याचं टाकं. तिथपर्यंत बाबा सहज आले, थांबत थांबत पाऊण तास लागला. रामाने इथे विश्रांती घेतली, त्याची शेज म्हणून रामशेज, ही गोष्ट लेकीला देवळातच सांगितली, तिने विचारलं मग उशी कुठेय. देवळाच्या वर मात्र चढ जरा अंगावर येतो, काही पायऱ्या कातळात आहेत, तिथे बाबांचा हात धरला. सव्वासातला माथ्यावर.

वरून काय दिसतं ते लिहायला बसले तर पान भरेल. दक्षिणेला नाशिक, धुक्यातून डोकं काढणाऱ्या इमारती, त्याच्या अलीकडे चामर लेण्यांचा तो सुळक्यासारखा डोंगर. शेजारीच भोरगड, म्हणजे देहेरगड, त्याच्यावर हवाई दलाचं रडार. आणि उत्तरेला खाली सगळ्या द्राक्षबागा, हिरव्या चौकड्या आखल्यासारख्या. हवा स्वच्छ होती म्हणून लांब सातमाळेची रांगही दिसली, धोडपची ती मधली खाच लेकीने स्वतः ओळखली.

तर मुद्दा असा. मी बाबांना वेढ्याची गोष्ट सांगत होते, की १६८२ साली औरंगजेबाच्या फौजेने हा किल्ला वेढला, किल्ल्याइतक्या उंचीवरून मारा करता यावा म्हणून खाली लाकडाचा भला मोठा बुरूज उभा केला, दमदमा, त्यावर पाचशे माणसं आणि पन्नास तोफा मावायच्या असं सांगतात. आणि वर मराठ्यांकडे लोखंडी तोफा नव्हत्या म्हणून त्यांनी लाकडाच्या तोफा केल्या आणि चामड्याने मढवल्या.

आमचे बाबा सुतार. आजोबा बैलगाड्या करायचे, बाबांनी चाळीस वर्ष दारं-खिडक्या आणि वाड्यांची दुरुस्ती केली. ते कड्याच्या काठाला (लांब बसवलं होतं, काळजी नको) गप्प बसून खाली बघत राहिले. मला वाटलं दमले. मग म्हणाले, "पाचशे माणसं आणि तोफा... लाकूड कुठलं आणलं असंल गं? आणि ओलं वापरलं का वाळवून?"

तेव्हापासून हेच चाललंय. कुणाला माहिती असेल तर सांगा, त्यांना वाचून दाखवीन.

पेठरोडवाला | रविवार, रात्री ९:३२

ताई मस्त लिहिलंय. वडिलांना माझा नमस्कार सांगा. मी दर महिन्याला जातो रामशेजला, ऑफिसच्या आधी चढून उतरतो, पण लाकूड कुठलं हा प्रश्न कधी डोक्यात आला नाही हो.

माहितीसाठी, जे वाचून जातील त्यांच्यासाठी लिहितो. उन्हाळ्यात नऊच्या आत खाली या, वर सावली जवळजवळ नाही. पावसाळ्यात पायऱ्या शेवाळलेल्या असतात तेव्हा चांगल्या पकडीचे बूट पाहिजेत. प्यायचं पाणी खालूनच न्या, टाक्यांमध्ये पाणी दिसतं म्हणून भरवशावर राहू नका. रामनवमीला गर्दी असते, शांतपणे बघायचा असेल तर तो दिवस सोडून जा.

नवीन_नाशिककर | रविवार, रात्री ९:५०

आम्ही सहा महिन्यांपूर्वी पुण्याहून आलोय. आईचे गुडघे दुखतात, ती राममंदिरापर्यंत येऊ शकेल का? की तिच्यासाठी पांडवलेणीच बरी?

पेठरोडवाला | रविवार, रात्री १०:०५

दोन्हीकडे पायऱ्याच आहेत. पांडवलेणीच्या पायऱ्या जास्त सरळ आणि बांधीव, बसायला जागा आहे, आणि वर पोचलं की सगळी लेणी एका ओळीत, पुन्हा चढ नाही. गुडघे दुखत असतील तर आधी तिथे न्या. तिथल्या तीन नंबरच्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा लेख नक्की दाखवा, आईने मुलाच्या पराक्रमाबद्दल कोरून ठेवलेला लेख आहे तो, मुलगा म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी. आईला घेऊन जाताय म्हणून मुद्दाम सांगतोय.

इतिहासवेडा_नाशिक | रविवार, रात्री १०:४०

गोदाकाठची ताई, बाबांचा प्रश्न फार मोलाचा आहे. आमच्यासारखे लोक सन आणि नावं पाठ करतात, पण ती वस्तू केली कुणी आणि कशी हे विचारत नाहीत.

जे पक्कं आहे ते आधी मांडतो, म्हणजे पुढची चर्चा नीट होईल.

औरंगजेब दख्खनेत उतरला आणि १६८२ च्या सुरुवातीला औरंगाबादेत आला. त्याने नाशिक भागात जी पहिली मोहीम काढली ती रामशेजवर, शहाबुद्दीनखानाच्या हाताखाली. हिशोब सरळ होता, किल्ला लहान, नाशिकच्या अगदी जवळ, चार दिवसांत पडेल आणि बाकीच्या किल्ल्यांना धाक बसेल. तो पडला नाही. संभाजी महाराजांनी वेढा फोडायला फौज पाठवली, रूपाजी भोसले आणि मानाजी मोरे होते त्यात, गणेशगावापाशी लढाई झाली. शहाबुद्दीनखानाला हात हलवत जावं लागलं, त्याच्या जागी बहादूरखान कोकलताश आला, तोही थकला, मग कासिमखान. किल्ला गेला तो १६८७ च्या अखेरीस, पैसे देऊन. लढून नाही.

आणि दुसरी गोष्ट जी मला सगळ्यात जास्त भावते ती ही की लाकडी तोफांची हकिकत कुण्या मराठी पोवाड्यातून आलेली नाही. ती लिहिलीय खाफीखानाने, मोगलांच्या बाजूच्या इतिहासकाराने, मुंतखब-उल-लुबाब मध्ये. तो म्हणतो की गडावर लोखंडाच्या तोफा नव्हत्या पण चामड्याचा साठा होता, त्यांनी लाकडाच्या तोफा करून चामड्याने मढवल्या आणि त्यातली एकेक दहा तोफांचं काम करायची. शत्रूच्या माणसाने हे लिहून ठेवलं म्हणून आज आपल्याला ते माहिती आहे.

सह्याद्री_भटक्या | रविवार, रात्री ११:१५

किल्लेदाराचं नाव काही ठिकाणी सूर्याजी जेधे वाचलंय, काही ठिकाणी सूर्याजी जाधव. नक्की कुठलं?

इतिहासवेडा_नाशिक | रविवार, रात्री ११:२८

दोन्ही नावं चालू आहेत, लेखांमध्ये आणि फलकांवर सुद्धा. मी बोलताना 'रामशेजचा किल्लेदार' एवढंच म्हणतो. खाफीखानाने त्याच्या जागरूकपणाचं कौतुक केलंय ते मात्र जरूर सांगतो. एक प्रसंग ऐका. बहादूरखानाने एका बाजूने तोफा-दारूगोळ्याचा मोठा गाजावाजा केला, की गडावरचे सगळे तिकडे धावतील, आणि मागच्या बाजूने निवडक दोनशे माणसं दोर लावून कड्यावर चढवली. गडावर हे आधीच कळलं होतं. त्यांनी एका बाजूला ढोल-कर्णे, आरडाओरडा चालू ठेवला, आणि दुसरीकडे काही जण काठाशी दबा धरून बसले. पहिल्या दोघांनी डोकं वर काढलं आणि तिथेच वार झाले, ते मागच्यांना घेऊन खाली.

आता पुढच्या वेळी वर गेलात की मागच्या बाजूच्या काठाशी (लांबूनच!) उभे राहा आणि हा प्रसंग आठवा. तो कडा पाहिल्यावर कळतं की तिथून दोराने चढायचं म्हणजे काय.

गोदाकाठची | सोमवार, सकाळी ७:२०

इतिहासवेडा, सकाळी चहा घेताना सगळं वाचून दाखवलं बाबांना. तोफेचं ऐकून त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "चामडं ओलं गुंडाळलं असंल. नक्कीच ओलं."

मी म्हटलं का. तर त्यांनी समजावलं ते मी जसंच्या तसं लिहिते. बैलगाडीच्या चाकावर लोखंडाची धाव चढवतात ना, ती चाकापेक्षा किंचित लहान करतात, मग विस्तवात लाल करतात, तापली की ती पसरते, तशीच चाकावर बसवतात आणि वरून पाणी ओततात, गार होताना ती आवळते आणि आरे, पाट्या सगळं असं घट्ट धरते की वर्षानुवर्ष हलत नाही. आजोबांच्या अंगणात धाव चढवायच्या दिवशी गावातली पोरं गोळा व्हायची, पाण्याचा चर्र आवाज आणि वाफ. बाबा म्हणाले ओलं कच्चं चामडं तसंच, फक्त विस्तवाशिवाय. ओलं असताना ताणून गुंडाळायचं, वाळताना ते आकसतं आणि लाकडाला आवळतं. ढोलकीची वादी आवळून पान ताणतात तसं. लाकडाच्या नळीत दारू उडाली की लाकूड उभ्या रेषेत फाटतं, धाग्याच्या दिशेने, आणि चामड्याने नेमकं तेच धरून ठेवायचं.

मला इतकं भरून आलं सांगू. ही गोष्ट मी शाळेपासून ऐकलीय आणि दर वेळी 'चामड्याने मढवल्या' हे शोभेसाठी असल्यासारखं वाचून पुढे गेले.

आरे_धुरा | सोमवार, सकाळी ८:४५

बाबांचं अगदी बरोबर. आमच्याकडे सिन्नर बाजूला अजून एक-दोन घरी धाव चढवतात. चाकाला बाभूळच लागते, साग नाही चालत, साग मऊ पडतो मार खायला. त्यांना विचारा ना तोफेला कुठलं लाकूड घेतलं असेल?

गोदाकाठची | सोमवार, सकाळी ९:०२

विचारलं. "बाभूळ नाहीतर खैर. जे गडाच्या आसपास मिळंल ते. आणि सरळ धाग्याचं, गाठ नको, गाठीपाशीच फुटतं." आणि आतलं भोक कसं पाडलं असेल यावर अजून विचार चाललाय. सामत्याने एवढं खोल भोक जात नाही म्हणतात, कदाचित ओंडका उभा चिरून दोन्ही भाग आतून कोरून परत जोडले असतील. मग तर चामड्याशिवाय गत्यंतरच नाही म्हणाले.

पूल_बांधणारा | सोमवार, दुपारी १:३०

मी सिव्हिल इंजिनिअर, पुलांची कामं करतो. दमदम्याबद्दल थोडं बोलू का.

रामशेज समुद्रसपाटीपासून साधारण ३,२०० फूट, आणि गावापासून कड्याच्या पायथ्यापर्यंत सगळा उतार. म्हणजे बुरूज जर खाली सपाटीला बांधला तर तो कितीही उंच केला तरी वरच्या माणसाला तो पायाशीच दिसणार. म्हणून तो उतारावर, कड्याच्या शक्य तितक्या जवळ उभा केला असणार, नाहीतर त्याचा उपयोग शून्य. आणि उतारावर असं वजन उभं करायचं म्हणजे आधी माती-दगड भरून पाया सपाट करायचा. सैन्यातल्या बेलदारांचं काम ते. त्यात पन्नास तोफा. एका लहान तोफेचंही वजन किती असतं आणि ती उडाली की मागे किती रेटते हे लक्षात घ्या. प्रत्येक वेळी तोफ उडाली की तो सगळा सांगाडा हादरणार.

म्हणून मला बाबांचा ओलं की वाळलेलं हा प्रश्न बरोबर वाटतो. ओल्या लाकडाचे सांधे वाळताना सैल होतात. हादऱ्यांनी अजून सैल.

गोदाकाठची | सोमवार, दुपारी २:१०

हे वाचून दाखवताना बाबा मधेच म्हणाले "हा माणूस शहाणा आहे". तुमच्यासाठी त्यांचं उत्तर असं आहे: साल-कुसाचे सांधे आणि लाकडी मेखा असतील तर ओलं लाकूड आकसून सैल होतं, मेख निसटते. पण एवढ्या फौजेला वर्षभर लाकूड वाळवत बसायला वेळ कुठे होता. दोरखंडाने बांधलं असेल तर अजून वाईट, पावसात दोर आधी आवळतो, मग उन्हात सैल पडतो.

आणि पाऊस! १६८२ चा वेढा उन्हाळ्यात लागला असेल तर जूनपर्यंत काय अवस्था झाली असेल त्या बुरुजाची. पेठ-हरसूल बाजूचा पाऊस आपल्याला माहितीय, पेठचे ढग तर रामशेजवरूनच येतात.

दिंडोरीचा_बागायतदार | सोमवार, संध्याकाळी ७:४५

माझी बाग रामशेजपासून सात-आठ किमीवर, गच्चीतून गड दिसतो. रोज बघतो पण इतक्या जवळून कधी विचार केला नाही, या धाग्याने आज दिवसभर डोकं तिकडेच. ऑक्टोबरची छाटणी झाली, आता मणी फुगवणीला आलेत, औषध मारताना सुद्धा मान गडाकडे वळत होती.

लाकडाबद्दल एक सांगतो. आमचे आजोबा सांगायचे की पूर्वी पेठ, सुरगाणा, हरसूलकडून बैलगाड्यांनी सागाचे वासे यायचे नाशिकला, लाकडाच्या वखारी त्यावरच चालायच्या. त्या जंगलातला साग प्रसिद्ध. मोगलांना लाकूड तिकडूनच जवळ पडलं असणार. पण ते आणायचं म्हणजे घाटरस्ता आणि जंगल, आणि ती वाट चांगली ठाऊक असलेली माणसं दुसऱ्या बाजूला.

अजून एक. धागा वाचून कुणी वरून फोटो काढायला येणार असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत या. घड कागदात गुंडाळलेले असतात, काही बागांवर प्लास्टिकचं आच्छादन चढतं, वरून सगळं वेगळंच चमकतं.

हरिहर_फॅन | सोमवार, रात्री ८:२०

मला प्रामाणिकपणे वाटतं की रामशेज एकदा बघून झाला की झाला. अर्ध्या-पाऊण तासात वर, पठार, थोडी टाकी, देवीचं देऊळ, संपलं. पाहुणे आले की मी हरिहर किल्ल्यावर नेतो, त्या कोरीव पायऱ्या बघून माणूस अवाक होतो.

सह्याद्री_भटक्या | सोमवार, रात्री ८:५५

हरिहरच्या पायऱ्या अप्रतिम आहेत यात वादच नाही, मी स्वतः सात वेळा चढलोय. पण दादा, रामशेजला दाखवण्यासारखं जे आहे ते बांधकामात नाहीच. ते समजायला वर गेल्यावर चारी बाजूंना फिरावं लागतं. मी पाहुण्यांना असं फिरवतो: आधी टाकी. किती आहेत मोजायला लावतो. कातळात खोदलेलं टाकं म्हणजे दुहेरी काम, दगड निघाला तो बांधकामाला आणि खड्डा झाला तो पाण्याला. पाच वर्षं वेढ्यात राहायचं तर पहिलं पाणी. मग कडा, सगळीकडून तुटलेला, म्हणजे तटबंदी फार लागत नाही, मोजक्या ठिकाणी माणसं उभी केली की झालं. मग चोर दरवाजा. आणि शेवटी देहेरगडाकडे तोंड करून उभं करतो, सांगतो की रसद आत यायची तर कुठून येईल ते तूच शोध. लोक दहा मिनिटं वाटा शोधत बसतात. एकही पाहुणा 'झालं का, उतरायचं का' म्हणालेला नाही.

हरिहर_फॅन | सोमवार, रात्री ९:१०

हे असं कुणी मला दाखवलं नव्हतं. पुढच्या वेळी तुमच्याबरोबर येतो, सांगा कधी.

गडाखालचा | सोमवार, रात्री १०:३०

मी आशेवाडीचा. आमच्या गडाबद्दल एवढं लिहिलेलं बघून बरं वाटलं. आम्ही शेळ्या चारायला लहानपणापासून जातो वर, कड्याचा प्रत्येक दगड माहितीय.

येणाऱ्यांना हात जोडून तीन गोष्टी. गवत वाळल्यावर वर विडी-सिगारेट किंवा चूल नको, एका ठिणगीत अख्खा डोंगर जातो, वणव्यात घरटी जळतात, जनावरं होरपळतात, आणि आमचा चारा जातो. दुसरं, टाक्यात पोहू नका, बाटल्या टाकू नका. तिसरं, पोरं कड्याला पाय सोडून रील बनवतात, ताई तुम्ही बाबांना लांब बसवलं ते वाचून बरं वाटलं.

आणि दमदमा कुठे होता ते विचारताय म्हणून सांगतो, आमच्याकडे म्हातारी माणसं गडाच्या एका उताराकडे बोट करून सांगतात, पण ते ऐकीव आहे, मी त्याचा दावा करणार नाही. याल तेव्हा दाखवीन. बाबांना उतार बघून अंदाज येईल.

इतिहासवेडा_नाशिक | सोमवार, रात्री ११:००

गडाखालचा, मी नक्की येतो, मला बघायचाच आहे तो उतार.

बाबांसाठी अजून एक. बहादूरखान जेव्हा वेढा सोडून निघाला तेव्हा त्याने वेढ्यासाठी जमवलेलं लाकूड-सामान पेटवून दिलं, असं खाफीखान लिहितो. तिकडे ते जळत होतं आणि वर गडावरचे लोक ढोल-नगारे वाजवत होते. इतक्या लाकडाची होळी झाली.

हा बहादूरखान किती टेकीला आला होता त्याचाही एक किस्सा तिथेच आहे. भुतं वश असलेला म्हणून एक माणूस त्याने आणला, त्याने शंभर तोळे सोन्याचा नाग करून मागितला, तो हातात धरून सगळ्यात पुढे गडावर चालला. वरून गोफणीचा दगड आला, छातीत बसला, नाग एकीकडे आणि मांत्रिक एकीकडे. गोफण लक्षात घ्या. राखणीला शेतात वापरतात तीच.

दिंडोरीचा_बागायतदार | मंगळवार, सकाळी ६:१०

गोफण! आमच्याकडे ज्वारीच्या राखणीला आजी वापरायची, माचाणावर उभी राहून, तिचा नेम असा की कणसावरचं पाखरू उडायचं आणि कणीस हलायचं नाही.

नवीन_नाशिककर | मंगळवार, सकाळी ७:३०

काल आईला पांडवलेणीला नेलं. हळूहळू चढली, तीन ठिकाणी बसली. बलश्रीच्या लेखासमोर उभी राहून मला म्हणाली वाच काय लिहिलंय, मी म्हटलं आई ब्राह्मी आहे मला येत नाही, फोनवर अर्थ शोधून वाचून दाखवला. तिथून खाली हायवे आणि सगळं नाशिक दिसत होतं. आता तिला रामशेजचं राममंदिर बघायचंय, म्हणाली तिथपर्यंत चढेन, पुढे तुम्ही जा.

गोदाकाठची | बुधवार, रात्री ८:४०

दोन दिवस लिहिलं नाही कारण घरात काम चालू होतं.

जळून गेलेल्या लाकडाचं वाचून दाखवलं तेव्हा बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या बुरुजावर काम केलेल्या सुतारांना काय वाटलं असंल. त्यांचं काय युद्ध होतं." मी याचा विचार केला नव्हता. किती सुतार लागले असतील, कुठल्या गावातले, स्वखुशीने आले असतील का धरून आणले असतील, हातात वाकस (लाकूड तासायचं हत्यार) घेऊन समोरच्या गडाकडे बघत असतील.

मग मंगळवारी ते जुन्या पेटीतून वाकस आणि पटाश्या काढून बसले. शेजारच्या गल्लीत बाभळीची फांदी तोडली होती तिचा हातभर सरळ तुकडा आणला. उभा चिरला, दोन्ही अर्ध्या भागांत आतून पन्हळ कोरली, परत जुळवला. मग मला पंचवटीत ढोलकी दुरुस्त करणाऱ्यांकडे पाठवलं, कच्च्या चामड्याचा पट्टा घेऊन ये म्हणाले. त्यांनी विचारलं कशाला हवाय, सगळं सांगितलं, तर त्यांनी पैसे घेतले नाहीत आणि चामडं किती वेळ भिजवायचं तेही सांगितलं. रात्रभर भिजवला, आज सकाळी बाबांनी गुंडाळला. लेकीने एक टोक धरलं होतं, ते ओढत होते. उन्हात ठेवला.

संध्याकाळी तिला म्हणाले उघड बघू. तिने दोन्ही हातांनी ओढला, मी ओढला, जागचा हलला नाही. मधली फट तर दिसेनाशी झाली, नख जात नाही. चामडं लाकडासारखं कडक झालंय, बोटाने वाजवलं तर टणटण आवाज येतो. आत दारू वगैरे काही भरणार नाही, हे आधीच सांगते. खिडकीत ठेवलाय.

आरे_धुरा | बुधवार, रात्री ९:००

ताई फोटो टाका. बाबांना साष्टांग नमस्कार.

पूल_बांधणारा | बुधवार, रात्री ९:१५

पन्हळ आतून किती रुंद ठेवली? आणि चामड्याचे थर किती? मला खरंच आकडे हवेत.

गोदाकाठची | बुधवार, रात्री ९:४०

रुंदी दीड इंच. थर तीन, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा उलट्या दिशेने गुंडाळलाय, ते त्यांचं स्वतःचं डोकं. फोटो उद्या उजेडात काढते.

रविवारी परत जातोय, बाबांनीच काढलं. गडाखालचा, तुम्ही तो उतार दाखवाल ना? त्यांना तिथली माती बघायचीय, पाया कसा घेतला असेल ते. येणाऱ्यांनी पेठ नाक्यावर साडेपाचला यावं, आमची पांढरी गाडी. नवीन नाशिककर, तुमच्या आईलाही आणा, राममंदिरापर्यंत बाबा आणि त्या बरोबर चढतील, दोघांचा वेग एकच.

गडाखालचा | बुधवार, रात्री १०:०५

या. पायथ्याशी थांबतो. चहा माझ्याकडे.

पूल_बांधणारा | बुधवार, रात्री १०:१२

मी लांब टेप आणि उताराचा कोन मोजायचं यंत्र घेऊन येतो.

हरिहर_फॅन | बुधवार, रात्री १०:२०

मी पण. टाकी मोजायला.